दिवाणांचे वंशज

तंजावरच्या एका खासगी इस्पितळात भुवनेश्वरी संगणकांचं नेटवर्क सांभाळायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि नेटवर्क चालू असेपर्यंत कुणी विचारतही नसे. घुशी केबल कुरतडायच्या. डॉक्टर मंडळी लेकीचं नाव पासवर्ड म्हणून ठेवायची आणि वर ते चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायची. नर्सबाई सिनेमा भरलेला पेनड्राइव्ह वॉर्डातल्या संगणकाला लावायच्या आणि व्हायरस शिरला की "आम्ही हातसुद्धा लावला नाही, मॅडम" म्हणायच्या. हे सगळं ती हसत निस्तरायची. एका माणसाला मात्र तिनं माफ केलं नव्हतं, आणि करायचा विचारही नव्हता.

तो माणूस म्हणजे वरुणराव. इस्पितळाचे प्रशासक, आणि भुवनेश्वरीच्या आप्पांची चुलत बहीण राजमआत्या, तिचा मुलगा. घरी तंजावरी मराठीत "भुवना, भुवना" करणारे वरुणअण्णा ऑफिसात तिच्याशी फक्त तमिळ बोलत.

मागच्या खंडेनवमीला, तिकडच्या आयुधपूजेला, त्यांनी सर्व्हरची खोली पूजेसाठी उघडायला लावली. भुवनेश्वरी नको नको म्हणत होती, पण साहेबापुढं शहाणपण काय कामाचं? सर्व्हरला गंध-कुंकू झालं, झेंडूची माळ झाली. बॅकअपची डिस्कही पाटावर मांडली गेली. पूजेला ठेवलेलं आयुध दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायचं नसतं, तेव्हा आज बॅकअप घ्यायचा नाही, हा हुकूमही वरुणरावांचाच. वर हौस म्हणून दिव्यांच्या माळा त्यांनी सर्व्हरच्याच यूपीएसला जोडल्या. संध्याकाळी यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर कोसळला आणि प्रयोगशाळेचे त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट गेले. आजारी माणसांना पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागल्या.

इस्पितळाच्या मालकांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, सगळ्यांसमोर विचारलं, "बॅकअप का नाही?"

"मॅडमनी घेतला नाही, सर," वरुणराव म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. भुवनेश्वरीचं प्रमुखपद गेलं आणि वरुणरावांनी ते स्वतःकडं घेतलं. जी खोली तिनं उभी केली, तिची किल्ली तिला रोज त्यांच्याकडं मागावी लागे. एवढ्यावर भागलं नाही. कुंभकोणमला एका लग्नात, भर पंगतीत ते म्हणाले, "आमच्या भुवनामुळं इस्पितळ बुडायचंच बाकी होतं." त्या दिवशी भुवनेश्वरी पानावरून उठली. या माणसाला असंच चारचौघांत उघडं पाडीन, तोवर गप्प बसेन, असं तिनं मनाशी ठरवलं.

संधी चालत आली. शेजारच्या एका ऑफिसाच्या संगणकांत फसव्या मेलमुळं चोर शिरले, तशी मोठ्या डॉक्टरांची झोप उडाली. त्यांनी भुवनेश्वरीला गुपचूप सांगितलं, "तूच सगळ्यांना खोटे मेल पाठव. कोण फसून पासवर्ड देतं, ते मला कळू दे." इतरांना तिनं पगारवाढीचं साधं आमिष लावलं. वरुणरावांसाठी मात्र खास गळ तयार केला.

दुखरी नस तिला ठाऊक होती. तंजावरच्या मराठी घरांत वरुणरावांच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या "राजवाड्यातले आचारी" म्हणून चिडवत. भुवनेश्वरीनं एक कुलवृत्त मंडळ कल्पून इंग्रजीत पत्र लिहिलं: आपले पूर्वज तंजावरच्या मराठे राजांचे दिवाण होते असं आढळलं आहे, आपला सत्कार करायचा आहे, वंशावळ पाहण्यासाठी ऑफिसचा पासवर्ड टाका. पत्राच्या माथ्यावर शिक्क्यासारख्या मोठ्या देवनागरी अक्षरांत तिनं लिहिलं, "हे पत्र खोटं आहे." तिला आप्पांनी ती अक्षरं शिकवली होती. घरी-पंगतीत मराठीपणाचा एवढा टेंभा मिरवणाऱ्या, पण तमिळ शाळेत शिकलेल्या वरुणरावांना त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं.

पासवर्ड आला. तोही दुपारच्या कॉफीच्या आत.

पुढच्या आठवड्यात बैठक भरली. फसलेल्यांत सगळ्यात वर वरुणरावांचं नाव दिसताच ते उसळले, "सर, माझं पत्र खरं आहे!" मोठ्या डॉक्टरांनी भुवनेश्वरीकडं पाहिलं. तिनं पत्र भिंतीवरच्या पडद्यावर लावलं, माथ्यावरची ओळ मोठ्यानं वाचली आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये सांगितली. हसताना एका नर्सबाईला ठसका लागला. किल्ली तिथल्या तिथं भुवनेश्वरीच्या हातात आली. तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वरुणरावांचा पडलेला चेहरा बघत राहावासा वाटत होता.

बैठक उठल्यावर ते तिच्याजवळ आले. ऑफिसात पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"भुवना, दिवाणाचं तरी खरं ना गे?"

"नाही अण्णा. तेही मीच लिहिलं."

"अम्माला मी सांगून बसलों. आतां तूच येऊन सांग. मज होणार नाही."

जाते की, त्यात काय, असं म्हणून ती संध्याकाळी गेली. खरं तर त्यांच्या घरातही त्यांची मान खाली गेलेली तिला बघायची होती.

राजमआत्या झोपाळ्यावर बसली होती. "ये बाळे, ये. बैस. आधी तोंड गोड कर." तिनं हातावर मैसूरपाक ठेवला. "रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलें. लग्न होऊन ह्या घरीं आलें, तेव्हांपासून 'आचाऱ्याची सून' ऐकतें मी. माझ्या पोरीच्या लग्नांत पाहुण्यांनी मलाच वाढायला उभी केली, तुझ्या हाताला सवय आहे म्हणून. ते सगळे येतात रविवारी. मी बसून जेवणार, त्यांनी बघायचें!"

भुवनेश्वरीनं उरलेला मैसूरपाक मुठीत मिटून घेतला. एका वर्षाच्या रागाला ती केवढी जपत होती, आणि ही म्हातारी जन्मभराचा राग पदरात बांधून बसली होती.

देवघरात वरुणरावांनी छापून आणलेलं पत्र चौकटीत लावलं होतं, त्याला कुंकू वाहिलं होतं. आत्यानं ते काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "वरती आपलीं अक्षरें आहेत. ह्या घरांत कुणाला येत नाहींत. तू आप्पाची मुलगी, तू वाच. मन भरून ऐकतें."

वरुणराव दाराआड उभे होते. ते पुढं आले नाहीत.

भुवनेश्वरीनं वाचलं. मग, आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, कुणी लिहिलं तेही सांगितलं.

झोपाळा थांबला. "कोणावर राग होता?"

"वरुणअण्णावर."

"त्यानं काय केलें?"

"चारचौघांत मला खाली पाहायला लावलं."

म्हातारीनं मान हलवली. तिला ते लगेच पटलं, आणि तेच भुवनेश्वरीला सोसवेना.

"बरें केलेंस," राजमआत्या म्हणाली. "मग मज काय म्हणून ओढलीस गे त्यांत?"