पोस्ट सहावरचा सडा

"पोस्ट सहा, पोस्ट सहा. गाडी नंबर एक सातव्या वळणावर पोचली नाही. काय झालं?"

वॉकीटॉकीतून करंदीकरांचा आवाज आला तेव्हा गाडी नंबर एक माझ्यापासून पंधरा पावलांवर, पेंढ्यांच्या भाऱ्यांत नाक खुपसून उभी होती. मी लाल झेंडा वर धरला आणि बटण दाबलं.

"गाडी रस्त्याबाहेर गेली. ड्रायव्हर शुद्धीत आहे, हात हलवतेय. पुढची गाडी सोडू नका."

"ड्रायव्हरची चूक?"

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

एवढं बोलायला मला एक सेकंदही लागला नाही. परत घ्यायला मात्र माझी पँट, माझी अब्रू आणि अर्धा तास खर्ची पडला.

मी परब. चौतीस वर्षं सरकारी रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होतो. आता निवृत्त होऊन कसालला घरी असतो. आमच्या भागातल्या एका घाटात हिल क्लाइंब ठरली तेव्हा आयोजकांना घाटाची नस न् नस माहीत असलेला माणूस हवा होता. या घाटाचं रुंदीकरण माझ्याच हाताखाली झालेलं, त्यामुळे बोलावणं मला आलं. बायको म्हणाली, "जा. घरात बसून तरी माझ्या फोडण्याच तपासतास."

हिल क्लाइंब म्हणजे काय, ते मलाही त्याआधी नीट माहीत नव्हतं. गाड्या एकमेकींशी धावत नाहीत. खालून एक गाडी सुटते, घाट चढून वर जाते, तिचा वेळ सेकंदाच्या तुकड्यापर्यंत मोजतात. मग दुसरी. सगळ्यांत कमी वेळ ज्याचा, तो जिंकला. प्रत्येक अवघड वळणावर एक पोस्ट. पोस्टवर दोन मार्शल, त्यांच्याकडे झेंडे, आणि त्यांच्यावर एक पोस्ट चीफ. सहाव्या वळणाचा पोस्ट चीफ मी. काम काय, तर बघणं. एक गाडी आपल्यासमोर चार-पाच सेकंद असते. तेवढ्यासाठी पहाटे पाचला उठून, डोक्यावर टोपी, अंगात भगवं जॅकेट, गळ्यात शिट्टी. नातवंडांनी फोटो काढून ठेवलाय.

गाडी नंबर एकमध्ये होत्या शर्मिला राणे. कुडाळला त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. निम्म्या तालुक्याला त्यांनी गाडी शिकवली असेल. 'वळणावर स्पीड नको' हे वाक्य त्या दिवसातून पन्नास वेळा म्हणत असतील. अशा बाईंनी आठ महिने खपून जुन्या हॅचबॅकची रेसची गाडी केली आणि लोकल क्लासमध्ये, म्हणजे फक्त जिल्ह्यातल्या ड्रायव्हरांच्या गटात, नाव दिलं. तिथले सगळे पुरुष त्यांच्याकडेच क्लच सोडायला शिकलेले. चिठ्ठीत त्यांचा नंबर पहिला आला. त्यांचे आजी-माजी विद्यार्थी माझ्याच वळणावर, वरच्या दरडीवर रांग करून बसले होते.

गाडी भाऱ्यांत घुसली तशी तिथून एक आवाज आला, "आमका वळणार ब्रेक मार म्हणान सांगता, आणि स्वतः बघ!" आणि सगळे हसले. फोन तर वर होतेच.

माझा एक मार्शल रेडिओ घेऊन आधीच गाडीच्या खिडकीशी पोचला होता. बाई काच खाली करून बसल्या होत्या. त्यांना ते ऐकू गेलं असणार. आमच्या भागात ड्रायव्हिंग स्कूलची बाई घसरली, तर ती बातमी तिच्याआधी कुडाळला पोचते. नियम असा होता, की ड्रायव्हरच्या चुकीने गाडी बाहेर गेली तर तो स्पर्धेतून बाद. रस्त्याचा दोष असेल तरच पुन्हा संधी, म्हणजे रिरन. आणि दोष कुणाचा, हे पहिल्यांदा सांगायचं पोस्ट चीफने. ते मी सांगून मोकळा झालो होतो.

मी गाडीकडे निघालो. वळणाच्या आतल्या कडेवरून सरळ रस्ता ओलांडत, जरा घाईत. तिसऱ्या पावलाला पाय पुढे गेला आणि मी मागे. धप्पकन बसलो. शिट्टी उडून कपाळावर आपटली. दरडीवरून दुसरा हशा आला, पहिल्यापेक्षा मोठा.

"रे भाऊ, जपान!" कडेच्या घरातून कमळकाकी ओरडल्या. "सडो अजून वलो आसा!"

मी हात वर करून पाहिला. हिरवट. नाकाशी नेला. शेण.

आता आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. या वळणाच्या आतल्या अंगाला पाच घरांची वाडी आहे. अंगण संपतं तिथे डांबर सुरू होतं. मध्ये दोन हातांचीही जागा नाही, आणि त्याला जबाबदार रुंदीकरण, म्हणजे मीच. सरावाचा दिवस नीट पार पडला, म्हणून मी कौतुकाने वाडीत गेलो. कमळकाकींच्या पडवीत बसून सोलकढी प्यायलो आणि सांगितलं, "काकी, उद्या मोठे पाहुणे येणार. पुण्या-कोल्हापूरचे ड्रायव्हर, जिल्ह्याचे अधिकारी. सगळे आपल्या वाडीवरून जाणार." ऐटीत सांगितलं. मनात एवढंच, की मुलंबाळं, कुत्री, कोंबड्या आत राहाव्यात.

आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी दारावरून जाते तेव्हा अंगणापुरता सडा घालून कुणी थांबत नाही. रस्त्यावर, पालखी जाईल तिथपर्यंत घालतात. वर रांगोळी. काकींनी आणि चार घरच्या बायकांनी पहाटे उठून तेच केलं. वळणाच्या आतल्या बाजूने, चांगला दाट, घरं होती तेवढ्या लांबीचा सडा. कडेने रांगोळीची वेल.

आणि हे मी पाहिलं होतं. साडेसहाला हातात चेकलिस्ट घेऊन मी वळण पायी तपासलं. खडी, ऑइल, फांद्या, पाला, जनावरं. एक-एक बघून टिक केली. आंब्याची पानं स्वतः वाकून उचलली. सड्यावरून, अगदी कडेकडेने, रांगोळी न पुसता चालत गेलो आणि म्हणालो, "वा काकी! झकास!" माझे दोन्ही मार्शल याच तालुक्यातले. तेही म्हणाले, छान. कारण सकाळी दारात सडा असतोच. त्यात बघण्यासारखं काय?

त्यानंतर झीरो कार गेली. सगळं ठीक आहे ना हे बघायला पहिल्या स्पर्धकाआधी जी गाडी जाते ती. पण ती सावकाश, रस्त्याच्या मधून गेली. रेसची गाडी तशी जात नाही. ती बाहेरून येते आणि वळणाच्या आतल्या कडेला चिकटते. नेमकी काकींच्या दारात. डिसेंबरचं दव, वर आंब्याची गर्द सावली. सकाळी आठलाही तिथे ऊन पोचलेलं नव्हतं.

बसल्या जागेवरूनच मला टायरच्या खुणा दिसल्या. दोन पट्टे रांगोळीच्या वेलीपाशी वळणाबरोबर आत आले होते आणि तिथून सरळ बाहेर, भाऱ्यांकडे गेले होते. बाईंनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं.

मी उठलो आणि बटण दाबलं. हा रेडिओ सगळ्या पोस्टना एकदम ऐकू जातो.

"पोस्ट सहा बोलतोय. मघाशी चुकीचं सांगितलं. ड्रायव्हरची चूक नाही. रस्ता निसरडा आहे."

"ऑइल?" करंदीकरांनी विचारलं. करंदीकर पुण्याचे, क्लार्क ऑफ द कोर्स. म्हणजे त्या दिवशी त्या रस्त्याचे मालक म्हणा.

"ऑइल नाही. शेण."

"जनावर आलं होतं ट्रॅकवर?"

"नाही. माणसांनी घातलंय. सडा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. पण प्रेमाने."

"मी येतोय," करंदीकर म्हणाले. "खालचा पाण्याचा टँकर पाठवू?"

"नको! पाण्याने आणखी पसरेल. या सावलीत तास-दीड तास वाळणार नाही." रस्ता बंद ठेवायची परवानगी बारापर्यंत होती आणि खाली चार गटांच्या गाड्या इंजिनं तापवत उभ्या होत्या.

काकी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मोठे पावणे येतले म्हणान तूच सांगलंस मां काल? आता आमचो सडो तुमका घाण जालो?"

"घाण नाही काकी. चूक माझी. मला सकाळीच कळायला हवं होतं."

"म्हणजे ती बाय आमच्यामुळे घसारली?"

काकींनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या तडक गाडीपाशी गेल्या. शर्मिला बाई हेल्मेट काढून बाहेर उभ्या होत्या. बंपर अर्धा लोंबत होता.

"गो बाय, लागला खंय?"

"माका काय्येक झाला नाय, काकी. गाडयेचा तोंड तेवढा फुटला."

काकींनी त्यांच्या खांद्यावरून हात फिरवला आणि वाडीकडे वळून हाक दिली, "तूस हाडा गो! आणि वाडवणी!"

तूस म्हणजे भाताचा कोंडा, वाडवण म्हणजे केरसुणी. पाच घरांतून पाच टोपल्या आल्या. बायकांनी तो सड्यावर पसरला, पायांनी घोळवला, माडाच्या हिराच्या केरसुण्यांनी झाडून काढला. पुन्हा पसरला, पुन्हा झाडला. पायाखालचं शेण कोंड्याने असं टिपून घेतलं, की वीस मिनिटांत डांबर कोरडं खडबडीत लागायला लागलं. मी चौतीस वर्षांत रस्त्यावर काय काय पसरून पाहिलंय. हे कधी सुचलं नव्हतं. रांगोळीवर केरसुणी फिरवताना मात्र काकींचा हात एकदा थांबला. मला वाईट वाटलं.

करंदीकर आले. बुटाची टाच डांबरावर घासून पाहिली. टायरच्या खुणांचे फोटो घेतले. मग माझ्याकडे पाहिलं. माझी पँट मागून बरीच बोलकी झाली होती.

"परबसाहेब, सकाळी तुम्ही वळण तपासलं होतं?"

"हो."

"हा सडा तेव्हा होता?"

"होता."

"मग?"

"सुंदर वाटला."

त्यांनी रिपोर्टचा फॉर्म पुढे केला. "कारणाच्या रकान्यात लिहा, प्रेक्षकांनी ट्रॅक खराब केला. म्हणजे राणेबाईंना रिरन मिळेल आणि तुमच्यावरही काही येणार नाही."

"तसं लिहिलं तर वाडीवर येईल. पुढच्या वर्षी लोक रस्ता देणार नाहीत." हे व्यवहाराचं कारण झालं. खरं म्हणजे काकी चार हात अंतरावर उभ्या राहून आमच्या तोंडाकडे बघत होत्या. मी लिहिलं, 'रस्ता निसरडा होता. पोस्ट चीफने पाहूनही दुर्लक्ष केले.' खाली सही केली. स्वतःच्या नावापुढे 'दुर्लक्ष' लिहिण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

करंदीकरांनी ते वाचलं आणि रेडिओवर सांगितलं, "गाडी नंबर एकची फेरी रद्द. रस्त्याचा दोष. लोकल क्लासच्या शेवटी रिरन." दरडीवरच्या मंडळींना मार्शलनी ओरडून सांगितलं. मघाशी हसलेलेच लोक टाळ्या वाजवायला लागले. चार जण खाली उतरून बंपर बांधायला लागले. स्पर्धेच्या तपासनिसाने गाडी पाहून 'धावायला ठीक' असा शेरा दिला.

दहा गाड्या माझ्यासमोरून गेल्या. अकरावी त्यांची. आधी आवाज आला, मग गाडी दिसली. बाहेरून आली, आतल्या कडेला, काकींच्या अंगणापासून हातभर अंतरावर चिकटली आणि सुतात वळून वर निघून गेली. चार सेकंद. काकींनी गाडी गेलेल्या दिशेला हात जोडले.

अकरा जणांत शर्मिला बाई चौथ्या आल्या. ट्रॉफी तिघांनाच होती. पण बाद झाल्या नाहीत, आणि त्यांच्या पुढे होते ते तिघेही त्यांचेच विद्यार्थी. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत होत्या.

दुपारी रस्ता खुला झाल्यावर त्या पोस्टवर आल्या. मी माफी मागितली.

"सडा तर मलाही कळला नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "त्याचं काही नाही. पण तुमच्या मार्शलचा रेडिओ माझ्या खिडकीशीच होता. 'तसंच दिसतंय' म्हणालात ना, ते ऐकलं मी. तुम्ही तोवर गाडीपाशी आलाही नव्हता."

रागाने नाही म्हणाल्या. हसून चहा प्यायल्या आणि गेल्या.

मला मात्र तो चहा गेला नाही. कारण ते वाक्य त्या दिवशी तयार झालेलं नव्हतं. नोकरीत माझ्या रस्त्यांवर अपघात झाले, की माझ्या टेबलावर कागद यायचा आणि त्यावर मी 'चालकाची चूक' लिहून सही करायचो. कधी ती असायचीही. पण लिहिण्याआधी त्या जागेवर पायी चालून आलो, असे प्रसंग मला बोटांवर आठवतात.

रस्त्यांची कामं करणाऱ्या नव्या मुलांना आता मी एवढंच सांगतो. रिपोर्ट लिहिण्याआधी त्या जागेवर एकदा स्वतः चालून बघा. घसरलात तर उत्तमच.