फणसाच्या फळ्यांतलं फुरसं

गेल्या दिवाळीनंतर परसातल्या फणसाची एक जाड फांदी विजेच्या तारेवर आली, म्हणून तोडावी लागली. मी घरच्या घरी लाकडी पळ्या, डाव, वाट्या कोरते. सासरे म्हणाले, "जाळायला कशाला? सुकव की." नोकरीची सगळी वर्षं पोफळीच्या वीजकेंद्रात, यंत्रांच्या घरघराटात काढून ते आता घरी असतात. त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आहे, पण किरकिरतं म्हणून काढून ठेवतात. समोर उभं राहून बोललं, की ओठांवरून त्यांना बरोबर समजतं.

फांदी चिरून आम्ही आखूड फळ्या काढल्या. ओलं लाकूड टोकांकडून आधी वाळतं आणि तडकतं, म्हणून टोकांना मेण फासलं. मागच्या पडवीत, सावलीला, चिऱ्यांवर रास रचली. हवा खेळावी म्हणून थराथरांत बारीक पट्ट्या घातल्या. अधूनमधून फळ्या उलटायचं काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं.

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. ते राशीपाशी उकिडवे बसले होते, वरची फळी एका टोकाने उचललेली. मला खरखर ऐकू आली, करवत चालल्यासारखी. करवत तर घरात होती. मी वाकून पाहिलं. फळीखाली, त्यांच्या मनगटापासून वीतभरावर, विषारी फुरसं वेटोळं करून अंगाला अंग घासत होतं.

हाक मारून उपयोग नव्हता. खांद्याला हात लावला असता तर ते दचकले असते. मी लांबून वळसा घालून समोर गेले आणि पंजा उभा धरला. त्यांनी वर पाहिलं.

"हलू नका," मी नुसते ओठ हलवले. "फळीखाली फुरसं आहे."

त्यांनी खाली पाहिलं नाही. ओल्या फळीचं वजन त्यांना पेलेनासं झालं होतं. सोडली असती, तर ती सापावरच पडली असती.

"खयच्या बाजूला?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"तुमच्या डाव्या. फळीसकट हळूहळू मागे सरा."

ते इंचाइंचाने मागे सरले. तेवढ्यात फुरसं उसळलं आणि फळीच्या कडेवर आपटलं. फळी हातातून सुटली, ते मागे कोलमडले. मी वळसा घालून धावले, त्यांना दंडाला धरून अंगणात ओढलं आणि एकेक बोट तपासलं. कुठेही ओरखडा नव्हता.

शेजाऱ्यांनी सर्पमित्राला बोलावलं. तो आकडीने रास उकलत होता, तोवर आम्ही पायरीवर बसून होतो. मला राग आला होता.

"यंत्र घातल्याशिवाय मागे जायचं नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. एरवी वाद घालणारा माणूस. त्या 'बरं'नेच मी जास्त धास्तावले.

साप बरणीत गेला. फळ्या आता स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहेत. काही तडकल्याच. परवा एक खाली काढून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावली.

"अजून गार लागत्ये. आत ओल आहे," म्हणाले, आणि मलाही लावून बघायला दिली.