मंत्र लागायला वीस

एकाच टेबलाभोवती काही वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमचेही साचलेत. सगळेच हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

विष्णू बोटीवर नोकरीला. ऐंशीच्या सुमारास त्याने परदेशातून एक खेळ आणला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. विष्णू मांत्रिक, मी योद्धा. राक्षस आणि सगळा हिशेब प्रभाकरकडे, कारण तो पालीच्या शाळेत गणित शिकवायचा. भाट्ये गावी विष्णूच्या घराच्या पडवीत दर रविवारी दुपारी बैठक.

खेळातला वीस बाजूंचा फासा लवकरच विहिरीत गेला. मग मंडळाच्या हाऊजीतल्या एक ते वीस नंबरांच्या सोंगट्या डब्यात घातल्या. मंत्र टाकताना न बघता एक काढायची. राक्षस जितका लांब, अंधार जितका दाट, तितका मोठा नंबर हवा. तो आला तर मंत्र लागला. ‘नाही लागला’ हे प्रभाकरचं लाडकं वाक्य!

*

एका रविवारी विष्णूचा एकेक मंत्र लागत सुटला. राक्षस पटापट मेले. प्रभाकरला संशय आला. त्याने गऱ्यांची ताटली उचलली, तर खाली छोट्या नंबरांच्या सोंगट्या. न लागलेल्या परत टाकायचा आम्ही आळस केला होता, त्यामुळे डब्यात मोठेच नंबर उरलेले.

चुकून झालं म्हटलं, तरी प्रभाकरने सगळे राक्षस जिवंत केले. त्यांनी पहिला मारला तो माझा योद्धा!

"डब्यात वीसच्या वीस पाहिजेत," तो म्हणाला. "नाहीतर तो हिशेब नाही, लाड आहेत."

मला त्याचा भयंकर राग आला होता.

*

विष्णू बोटीवर गेला की त्याचा मांत्रिक गोष्टीत झाडाखाली निजायचा. निजलेल्याला मारायचं नाही, एवढी एकच सवलत प्रभाकरने दिली होती. विष्णूची आई, म्हणजे आमच्या काकी, आमसुलं निवडता निवडता ऐकायच्या आणि चेष्टेने विचारायच्या, "उठला काय रे आमचा कुंभकर्ण?"

*

मग एका वर्षी बोट बंदराला पोचलीच नाही. कंपनीची तार आली, शोध चालू आहे. आम्ही रविवारी जात राहिलो, कारण न जाणं जास्त वाईट वाटलं असतं. काकी चहा ठेवायच्या आणि विचारायच्या, "निजलाय ना रे तो अजून?" चेष्टा त्यात नव्हती. प्रभाकर मानेनेच हो म्हणायचा.

*

शोध थांबवल्याची तार आली, त्यानंतरचा रविवार. काकी हात पुसून विष्णूच्या स्टुलावर बसल्या.

"त्याला उठवायचा मंत्र असेल ना रे? किती लागतील?"

प्रभाकरने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लांब आहे, काकी. अंधारही आहे. वीसच लागतील."

काकींनी डोळे मिटून डब्यात हात घातला. सोंगटी प्रभाकरच्या हातावर ठेवली.

"तीन," तो म्हणाला. "नाही लागला, काकी."

त्यांनी ती उचलली आणि डब्यात टाकायला हात पुढे केला. प्रभाकरने डब्यावर तळवा ठेवला.

"ती राहू दे बाहेर. पुढच्या रविवारी दुसरी काढा."