चांगोचा गुडघा आणि आमचा फुटबॉल क्लब

गवताच्या वखारीत एक गंमत असते. तुम्ही एक पेंढी ओढायला जावं, तर तिच्याबरोबर चार पेंढ्या अंगावर येतात. किश्शांचंही तसंच. परवा दुकानावर कुणीतरी विचारलं, "शेठ, जुना खेळाडू बिघडला तर क्लबनं त्याला सांभाळावं का?" मी म्हटलं, "थांब, चहा सांग." चहा तीनदा आला, दुकानातलं गिऱ्हाईक परत गेलं, तरी माझं उत्तर चालूच!

तेव्हा लिहूनच काढतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, बाकीचं सगळं गवताच्या व्यापारात शिकलो. त्यामुळे भाषा दाबून बसवलेली वाटली, तर ती गवत दाबून गासड्या बांधायच्या प्रेसची सवय समजा.

•

पन्नास सालानंतरची गोष्ट. शहापुरात आम्ही फुटबॉल क्लब काढला. अध्यक्ष शाळेतले गुरुजी, सेक्रेटरी दामू शिंपी, आणि मी खजिनदार, कारण क्लबचा एकुलता एक बॉल माझ्या वखारीत टांगलेला असे.

मैदान कुठलं? भात कापून झालं की रिकामं शेत, तेच मैदान. पण शेत दोघा भावांचं होतं, आणि मधोमध बांध. दोघांनीही बजावलं, "खेळा खुशाल, पन बांधाला हात लावायचा नाय!"

मग काय, बांध ठेवूनच खेळायला लागलो. आमची पोरं बॉल बांधापाशी आला की न बघता उडी मारत. पाहुणी टीम मात्र बांधापर्यंत धावत यायची आणि तिथून पुढे लोळत जायची!

एकदा मुंबईहून बूटवाली टीम आली. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे चौघे तोंडावर. कॅप्टन चिडून म्हणाला, "अहो, तुमच्या ग्राउंडच्या मधे भिंत आहे!"

दामू शांतपणे म्हणाला, "भिंत नाय साहेब, हद्द हाय. तुमी आता धाकट्या भावाच्या शेतात पडलाव."

•

या टीमचा हिरो चांगो. माझ्याच प्रेसवर गवताच्या गासड्या उचलायचा. दोन माणसांची गासडी हा एकटा पाठीवर टाकून चालू लागे. पायात काही नाही. भाताची खुंटं आम्हाला सुईसारखी टोचत, आणि हा त्यांच्यावरून सतरंजीवरून धावल्यासारखा धावे.

एके दिवशी वखारीच्या अंगणात प्रॅक्टिस चालली होती. चांगोनं असा काही शॉट मारला की बॉल गेला तो गेलाच! झाडावर पाहिला, विहिरीत पाहिला. दामूनं तर शेजारच्या म्हातारीच्या चुलीत डोकावून शिव्या खाल्ल्या. बॉल नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या तबेल्याचा भैया आटगाव स्टेशनवर मला भेटला. माझं गवत आटगावहूनच वॅगनमधून जायचं. भैया म्हणाला, "सेठ, घास अच्छा था. लेकिन चप्पल एक ही भेजा!"

पिशवीतून त्यानं चामड्याची एक गोल, चपटी भाकरी काढली. आमचा बॉल! गवताच्या ढिगात पडला होता, गवताबरोबर प्रेसमध्ये गेला आणि गासडीत बसून मुंबई बघून आला.

चांगोनं ती भाकरी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "शेठ, गोल व्हता का नाय, तेवडं सांगा!"

•

आता तो गुडघा.

मुरबाडची टीम आमची जुनी दुश्मन. त्यांचा कॅप्टन तुकाराम पैलवान. त्यानं आव्हान दिलं, "दर वेळी तुमच्या शेतात पडतो आमी. आता आमच्या मैदानात या!"

गेलो. मुरबाडचं मैदान बघून आमची छाती फुगली. सपाट! ना बांध, ना खड्डा. दामू म्हणाला, "इथं त आपन डोळे मिटून जिंकू."

मॅच सुरू झाली. चांगो बॉल घेऊन सुटला. मैदानाच्या मध्यावर आला आणि सवयीनं त्यानं उडी मारली. खाली बांध नव्हता! त्याच्या मागून येणाऱ्या आमच्या चौघांनीही त्याच जागी उड्या मारल्या. मुरबाडकरांना वाटलं, शहापूरवाले नाचायला लागले. पब्लिक पोट धरून हसत होतं.

बाकीचे चौघे धडपडून उठले. चांगो उठला नाही. गुडघा असा फिरला होता की बघवेना. तुकाराम पैलवानानं स्वतः त्याला पाठीवर घेऊन बैलगाडीत ठेवला.

हाडवैद्यानं लेप लावला, पट्ट्या बांधल्या. चालता येऊ लागलं, पण धावणं संपलं आणि गासडी उचलणंही संपलं. मी त्याला वखारीत राखणीला बसवलं. हसतखेळत आठ दिवस बसला, नवव्या दिवशी म्हणाला, "शेठ, गवत काय पळून जातं का, राखायला?" आणि उठून गेला.

गेला तो उंबरमाळीच्या रानाकडे, हातभट्टीवर. दिवस दारूबंदीचे, म्हणजे परमिटवाल्याला औषधापुरती मिळायची आणि बाकीच्यांना पाहिजे तेवढी! मोहाची चांगोच्या तोंडाला लागली ती लागलीच.

•

हा किस्सा तेव्हाचाच. हसू की रडू, तुम्ही ठरवा.

चांगो मॅचला मात्र चुकत नसे. एका रविवारी मॅचच्या तोंडावर आमचा पंप मोडला. बॉलचा ब्लॅडर फुगवायचा कसा? एकेकानं तोंडानं प्रयत्न केला. गुरुजींचे डोळे बाहेर आले, पण ब्लॅडर जागचा हलला नाही.

चांगो लंगडत आला. "आना इकडं!" दोन दमांत बॉल टणटणीत!

खेळ रंगला. बंदोबस्ताला एक हवालदार होता, मोठा कडक. संशय आला की म्हणायचा, "तोंड उघड, वास दे!" निम्म्या तालुक्याचे वास त्याला ओळखीचे होते म्हणे.

बॉल गेला बाभळीच्या काट्यावर आणि नेमका हवालदाराच्या पायाशी येऊन फुस्सऽऽ करून बसला.

हवालदाराचं नाक वर झालं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग हळूहळू खाली वाकला आणि बॉलचा वास घेतला. पुन्हा घेतला. सरळ उभा राहून ओरडला, "हा बॉल पिलाय!"

दामू हात जोडून म्हणाला, "सायेब, सोडा त्याला. पयलीच येळ हाय!"

•

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मीटिंग बोलावली. विषय एकच: चांगोचं करायचं काय?

गुरुजी म्हणाले, "क्लब म्हणजे धर्मशाळा नव्हे. खेळतो तोवर तो आपला. उद्या प्रत्येक लंगडा दारात उभा राहील."

दामू म्हणाला, "आनि मदत केली त सरळ बाटलीत जाईल."

मी म्हटलं, "गुरुजी, बांध आपला, सवय आपली, उडी आपल्या क्लबची. मग गुडघा तेवढा एकट्या चांगोचा कसा?"

गुरुजी उत्तर जुळवत होते, एवढ्यात दारातून आवाज आला. चांगोची बायको सगुणा! डोक्यावर लाकडाची मोळी तशीच.

"मास्तर, तुमी त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचलाव, तवा मला इचारलंव नाय. आता उतरवताना तरी घरापर्यंत आनून सोडा. ह्यो मधीच रस्त्यात कुटं टाकलाव?"

मोळीसकट वळली आणि गेली.

•

आता मदत करायची ठरली, पण कशी? रोकडा देणं म्हणजे उंबरमाळीला मनिऑर्डर! तेव्हा असं ठरलं की एकेका घरानं एकेक वार घ्यावा. त्या दिवशी चांगोनं सकाळपासून त्या घरी बसायचं, जेवायचं, होईल ते काम करायचं. रानाकडे पाय वळायला फुरसतच ठेवायची नाही.

पण आधी बोलणार कोण? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. जास्त बोललो तर घरी बायको, कमी बोललो तर बाहेर गाव!

आमच्यात नथू दलाल होता. म्हसाच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवणारा. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबायची. काय ठरलं ते दोघांनाच कळतं.

नथूनं उपरणं काढलं. "या एकेक. एक बोट म्हंजे एक वार. नाव कुनाचं फुटायचं नाय."

एकेक जण गेला. प्रत्येकाचा चेहरा असा, की बैल फुकट चाललाय! सगळे झाल्यावर नथू बराच वेळ उपरण्याकडे बघत बसला.

"काय रे, आठवडा भरला का?" मी विचारलं.

"भरला, शेठ. पन गावात वार सात, आनि इथं निघालं तेरा!"

सगळ्यांनी एकदम गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताचे वासे मोजत होते.

•

तेरा वार म्हणजे काय होतं, ते चांगोला विचारा! सकाळी दामूकडे तांदळाच्या भाकऱ्या, की दुपारी नथूकडे सुकटीचं कालवण, संध्याकाळी गुरुजींकडे आग्रहानं वरणभात. महिन्याभरात चांगोचा सदरा पोटावर बसेना. दामूनं तो उसवून मोठा करून दिला.

दारू सुटली. सुटेल नाही तर काय, पोटात जागा कुठे होती?

पण एक दिवस चांगो वखारीत आला आणि समोर उभा राहिला. "शेठ, मी काय गावानं सोडलेला पोळ हाय काय? ज्याच्या दारात जातो त्यो चारा टाकतो! आसं बसून खायाचं आसंल त मी चाललो उंबरमाळीला."

तो हसत नव्हता. मीही हसलो नाही.

"मग काय पाहिजे तुला?"

"मैदान," तो म्हणाला.

आता गुडघा नसलेल्या माणसाला मैदान कुठून द्यायचं? सगुणाच म्हणाली, "धावता येत नाय, पन घरी आला की वरडतो ना? त्या वरडन्याचं काय काम आसंल त द्या!"

दुसऱ्या दिवशी चांगोच्या गळ्यात शिट्टी आली.

•

रेफ्री म्हणून चांगो असा निघाला की आम्हालाच पश्चात्ताप व्हावा. नियम त्यानं गुरुजींकडून, जेवणाच्या वेळी, घास-घास करून पाठ केले. पहिल्याच मॅचला दामूला मैदानाबाहेर काढलं.

दामू भडकला. "आरं, काल माझ्याच घरी जेवलास ना तू!"

"जेवलो," चांगो म्हणाला. "कालवन खारट व्हतं, तेबी तोंडावर बोललो व्हतो. भायेर!"

शिवी देणाऱ्याला काढलं, रेटणाऱ्याला काढलं. एका मॅचला तर शेवटी मैदानात इतकी कमी माणसं उरली की बॉलच एकटा पडला! पण शिट्टी गळ्यात पडल्यापासून चांगो उंबरमाळीला फिरकला नाही. सगुणा जाता-येता त्या शिट्टीकडे आधी बघायची, मग नवऱ्याकडे.

•

आणि मग मुरबाडची मॅच आली. आमच्या शेतात.

तुकाराम पैलवान टीम घेऊन आला आणि चांगोच्या गळ्यात शिट्टी बघून अडूनच बसला. "ह्यो रेफ्री? त्याचा पाय आमच्या मैदानात गेला. ह्यो आमाला न्याय देनार?"

मी तुकारामाला बाजूला घेतलं. म्हटलं, "पैलवान, आज त्याच्या गळ्यातली शिट्टी काढलीत, तर संध्याकाळी तो रानात दिसेल. मग त्याला परत आणणं आमच्या हातात राहणार नाही."

तुकारामानं चांगोच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठीक हाय. पन एकदा जरी तुमच्या बाजूनं झुकला, त शिट्टी मी सोता काढून घेनार. कबूल?"

चांगोनंच उत्तर दिलं, "कबूल!"

खेळ सुरू झाला. चांगोनं पहिला फाउल दिला तो आमच्याविरुद्ध. दुसराही आमच्याविरुद्ध. आमचं पब्लिक त्याला शिव्या घालू लागलं आणि मुरबाडकर टाळ्या वाजवू लागले. दोन्ही बाजू बरोबरीत. वेळ संपत आलेली.

मुरबाडच्या गोलपुढे झुंबड उडाली. धूळच धूळ! त्यांचा गोलकीपर दामूच्या अंगाखाली. आणि त्या धुळीतून बॉल निवांत घरंगळत आला तो थेट चांगोच्या चांगल्या पायापुढे.

समोर गोल उघडा.

चांगोनं बॉलकडे पाहिलं. आणि हाणला! काय शॉट तो! गोलच्या दोन बांबूंमधून गेला तो पार गोठ्याच्या कुडावर जाऊन आदळला, म्हशी दावी तोडायला लागल्या!

गाव वेडं झालं. गुरुजींनी टोपी उडवली. नथू तर चांगोला खांद्यावर घ्यायला धावत सुटला. समोरून तुकारामही निघाला, शिट्टी काढून घ्यायला.

दोघेही पोचायच्या आत शिट्टी वाजली. लांबलचक.

"गोल नाय!" चांगो ओरडला. मग त्यानं उजवा हात वर केला, बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाला, "भायेर!"

आणि लंगडत, ताठ मानेनं मैदानाबाहेर जाऊन सगुणाच्या शेजारी बसला.

बॉल आणून मध्ये ठेवला, पण शिट्टी वाजवणार कोण? पाच मिनिटं सगळे उभेच. शेवटी तुकाराम पैलवान चांगोपुढे जाऊन उभा राहिला. मागोमाग आमचा दामू.

तुकाराम म्हणाला, "चांगोभाऊ, चल. मॅच आडलीय. आमची काय बी तक्रार नाय. ऊठ!"

चांगो जागचा हलला नाही. सगुणानं दिलेलं पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "माझ्या हातात काय हाय, पैलवान? रेफ्रीनं काढलाय मला. त्याला जाऊन इचारा!"