सावरीआईचे घोडे

खेरडीच्या पुढं डांबरी सडक सोडून जंगलात शिरलं, की पाऊण तासाच्या वाटेवर सावरीआईचं ठाणं लागायचं. देऊळ म्हणजे चार खांबांवरचं कौलाचं छप्पर. आत शेंदूर फासलेला एक लाकडी खांब, तीच देवी. भोवती नवसाचे मातीचे घोडे, शेकड्यांनी. नवस फळला की कुंभाराकडचा भाजलेला घोडा आणून ठेवायचा आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. ऊनपावसात झिजून तो मातीला मिळायचा. त्या रानातून वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही, असा वाडवडलांचा नेम.

ठाणं झाडायचं काम पुतळाबाईकडं होतं. नवरा काळू तिथला भगत. तो गेल्यावर पूजा धाकट्या दिराकडं, बारकूकडं गेली आणि केरसुणी तिच्याकडं राहिली.

पुतळाबाई जन्माची संशयी नव्हती. त्र्याऐंशी साली शहरातले दोघे जीप घेऊन आले. गोड बोलले, पाणी मागितलं. ती ओहोळावरून कळशी भरून येईतो जीप गेली होती आणि देवीसमोरचा लाकडी वाघही. काळूच्या बापानं स्वतःच्या हातानं कोरलेला वाघ! त्या दिवसापासून तिनं ठरवलं, परक्यावर भरवसा म्हणून ठेवायचा नाही. ठाण्यातून निघणाऱ्या प्रत्येकाला ती आडवी व्हायची. "पिशवी उघड." शाळेतल्या मास्तरांनाही तिनं सोडलं नाही, सरकारी साहेबांच्या बायकोलाही नाही. बाई रागावल्या, पण पर्स उघडावीच लागली.

पुढं सिल्वासात कारखाने वाढले. आमलीच्या चाळी खानदेशातल्या माणसांनी भरल्या आणि त्यांतलेही काही देवीला येऊ लागले. एकोणनव्वदच्या पावसाळ्यात नवनाथ नावाचा एकजण दर मंगळवारी सायकलवरून यायचा. तिशीचा असेल. नारळ नाही, फूल नाही. हात जोडायचा आणि सरळ ठाण्यामागं ओहोळाकडं उतरायचा. उजवा हात सदैव खिशात. तास-दीड तासानं वर यायचा तेव्हा कापडी पिशवी छातीशी धरलेली.

"पिशवी उघड," पुतळाबाई म्हणाली.

"नही, माय. काही नही तिच्यात."

"काही नाय तर दाखवाया काय हुतंय?"

तो खाली मान घालून सायकलवर बसला आणि गेला. त्यानं पिशवी उघडली असती, तर पुढचं काही घडलं नसतं. पण तो गेला, आणि पुतळाबाईच्या डोक्यात किडा वळवळू लागला. हा खाली करतो काय? हात का लपवतो?

तिनं दोनदा पाठलाग केला. दोन्ही वेळा करवंदीच्या जाळीआडून तिला फक्त त्याची पाठ दिसली. तो वाकून काहीतरी उकरत होता.

आणि त्याच सुमारास घोडे नाहीसे होऊ लागले. आधी जुना, मोठ्या आयाळीचा. मग त्याच्या शेजारचे दोन. जमिनीवर खुरांचे गोल डाग तेवढे उरले. ती धावत बारकूकडं गेली.

"त्योच," बारकू क्षणभरही न थांबता म्हणाला. "आमलीवाला. मी कवाचा बघतोय. नव्या भाताच्या दिवशी सारा पाडा गोळा हुईल, तवा धरू."

देवीला नव्या भाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय पाड्यात कुणी नवं खायचं नाही. त्या सकाळी ठाण्यापुढं दीडशे माणूस जमलं होतं. नेमका मंगळवार होता. नवनाथ ओहोळावरून वर आला तसा बारकूनं त्याला वाटेत अडवलं आणि पुतळाबाईनं पिशवी ओढली. ओढाताणीत पिशवी उलटली आणि आतून घोडा पडला.

"चोर! चोर!" बारकू ओरडला.

घोडा जमिनीवर आपटून फुटला नाही, चेपला. पुतळाबाई अगदी जवळ उभी होती. तिनं पाहिलं. माती ओली होती. घोडा कच्चा होता, वेडावाकडा, एक पाय लांब, एक आखूड. कुठल्याही कुंभाराच्या हातचा नव्हता. आणि नवनाथचा उजवा हात त्या झटापटीत बाहेर आला होता. त्याला तीन बोटं नव्हती.

"मी चोर नही शे, माय," तो तिच्याकडं बघून म्हणाला. "मशीनमध्ये बोटं गेली. देवीला बोललो व्हतो, याच हातानं घोडा करीसन देईन. जमत नही अजून. म्हनून घरी नेत व्हतो, कोणाले दावत नव्हतो."

पुतळाबाईच्या ओठांवर शब्द आला होता. पण मागं सारा पाडा खवळलेला, बारकू शिव्या देत होता, आणि गेले दोन महिने ज्याला त्याला 'तोच चोर' असं सांगत फिरणारी ती स्वतःच होती. ती गप्प राहिली. लोकांनी त्याची सायकल ओहोळात टाकली. धक्के मारून त्याला सडकेपर्यंत हाकललं. त्यानंतर तो आला नाही.

मात्र घोडे जातच राहिले.

आता पुतळाबाईला घास गोड लागेना. परका येत नाही, मग नेतंय कोण? आजवर कोणाकोणाची पिशवी आपण पाहिली, हे ती मनात घोळवू लागली आणि एका ठिकाणी अडखळली. बारकूची झोळी तिनं कधीच पाहिली नव्हती. तो भगत. तो घरचा.

पुढच्या पुनवेला पूजा आटोपून तो निघाला, तशी ती वाटेत उभी राहिली. "भावजी, झोळी उघडा."

बारकू हसला. "वहिनी, माझी?"

"तुमचीच."

हसू मावळलं. त्यानं झोळी मागं घेतली, तिनं धरली. देवीच्याच लाल कापडात गुंडाळलेले दोन घोडे निघाले. वापीकडच्या कुठल्याशा हॉटेलाला तो ते विकायचा, तिथं ते शोभेला मांडत, हे नंतर त्यानंच पाड्यापुढं कबूल केलं. भगतपण त्याच्याकडून काढून घेतलं.

त्याच आठवड्यात पुतळाबाई चालत आमलीला गेली. चाळीमागून चाळ विचारत नवनाथची खोली शोधली. त्याची बायको चंदा दारात आली, पण तिनं आत बोलावलं नाही. पुतळाबाई ओट्यावर बसून राहिली. पाळी सुटल्यावर नवनाथ आला. शेजारपाजार बघत असताना ती उभी राहून म्हणाली, "माती वली हुती, मी बघितलं हुतं. तवाच समजलं तू चोर नाय. तरी गप बसले."

त्याची 'माफ कर' ऐकायची तयारी असावी. हे ऐकायची नव्हती. 

"समजलं नसतं तर गोष्ट येगळी व्हती, माय," तो म्हणाला. "तुम्हाले समजलं व्हतं."

तो आत गेला. चंदानं तिला तांब्याभर पाणी आणून दिलं. पुढं तो कारखाना बंद पडला आणि ते दोघं धुळ्याकडं परत गेल्याचं तिच्या कानावर आलं.

बारकूच्या मुलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी पाड्यात उठवून दिलं, की घोडे खरे पुतळाबाईनंच विकले, बापावर आळ घेतला. काहींना ते पटलंही. विहिरीवर ती आली की बायका बोलता बोलता थांबत. पूर्वीची पुतळाबाई भांडली असती. आता ती रोज ठाणं झाडून निघताना नव्या भगतासमोर स्वतःचा पदर झटकून दाखवायची. तो ओशाळून म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, मावशी."

"ऱ्हाऊ द्या नको," ती म्हणायची. "नीट बघ."