एक लाख दहा हजारांचा कडुलिंब

"झाड माझं. जागा माझी. मग एक लाख दहा हजार कशाचं?"

तात्यांनी कोटेशनचा कागद टीपॉयवर ठेवला आणि चष्मा काढला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क म्हणून त्यांनी तीस वर्षं काढलेली. आकडा कुठं फुगवलाय हे शोधणं त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

मी बारामतीतल्या एका नर्सरीत साइट सुपरवायझर आहे. मोठी झाडं एका जागेवरून काढून दुसरीकडे लावायची, हे माझं काम. तात्यांच्या सणसरच्या शेतात बांधावर एक कडुलिंब होता. शेतरस्ता रुंद होणार होता, त्यात तो जाणार होता. तात्यांना तो बारामतीच्या नव्या बंगल्यासमोर हवा होता. बंगल्याभोवती सगळा मुरूम आणि फरशी. मार्चपासून त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दुपारी तापलेल्या ओट्यावर पाय ठेवता येत नसे.

"तात्या, दोनशे रुपयांत रोप मिळेल," मी म्हणाले.

"चौऱ्याहत्तर वय हाय माझं. त्या रोपाखाली बसणार कोण?"

मग मी कागदावर बोट ठेवून समजावलं. झाड फुकटच आहे. पैसे लागतात ते मुळांना. खोडाभोवती अडीच फुटांवर गोल चर खणायचा, पण एकदम नाही. आधी दोन बाजू, महिन्याने उरलेल्या दोन. मधल्या काळात तुटलेल्या मुळांना बारीक तंतू फुटतात, नव्या जागी पाणी तेच ओढतात. मग मुळांसकट मातीचा गड्डा गोणपाटात बांधायचा. तो तीन टनांच्या पुढे जातो. त्याला हायड्रा क्रेन, ट्रेलर, सहा माणसं. शिवाय परवानगीचे कागद, खड्डा, औषध, आधाराचे पाइप.

"आणि वाळलं तर?"

इथे मी जरा जास्त बोलले. "निम्मे आत्ता द्या. निम्मे पालवी फुटल्यावर. नाही फुटली तर नका देऊ."

संध्याकाळी नर्सरीत सर, म्हणजे आमचे मालक, माझ्याकडे बघतच राहिले. "झाडाची गॅरंटी? झाड आहे ते, फ्रिज नाही."

"जगेल सर."

"नाही जगलं तर मोठ्या झाडांचं काम बंद. तू रोपांच्या काउंटरला बसायचं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

झाड काढण्याचं काम मात्र नेटकं झालं. गड्डा एका ढेकळाइतकाही फुटला नाही. ट्रेलर सणसरहून निघाला तेव्हा तात्या पुढे मोटारसायकलवर, एका हाताने समोरच्या गाड्यांना थांबा म्हणत. झाड बंगल्यासमोर उभं राहिलं. आठवड्यात सगळी पानं गळाली. ते अपेक्षितच होतं, मी आधीच सांगून ठेवलं होतं.

तीन आठवडे गेले तरी नव्या पालवीचा एकही डोळा फुटला नाही, हे मात्र अपेक्षित नव्हतं.

मी गेले. नखाने साल खरवडली. खाली हिरवी, म्हणजे जीव होता. वरच्या फांद्या तपकिरी पडत चालल्या होत्या. गड्ड्याशेजारी आम्ही एक भोकांचा पाइप उभा पुरतो, खालची ओल बघायला. त्यात काठी घातली. काठी अर्ध्यापर्यंत भिजून वर आली, आणि तिला आंबूस वास होता.

"काकू, पाणी किती घालता?"

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमी सांगितलं तेवढंच. आन् जरा सांजचं. उन्हात उभं असतंय बिचारं, बघवत न्हाय."

त्यांना काय बोलणार? आणि चूक निम्मी माझी होती. बंगला बांधताना जमिनीत मुरूम भरून रोलर फिरवलेला. तळ घट्ट. मी खड्डा खणला, पण त्यातून पाणी जिरतं का हे बघितलंच नाही. खड्डा म्हणजे हौद झाला होता आणि मुळं त्यात बुडून कुजायला लागली होती.

मी तात्यांना सरळ सांगितलं. "माझं चुकलं. पाणी काढायची वाट ठेवली नाही."

मला वाटलं, आता कोटेशनचा कागद पुन्हा बाहेर येणार. तात्या झाडाभोवती एक फेरी मारून आले.

"उसात पाणी साचलं तर आमी काय करतो? चर मारतो. हितं उतार कुठं हाय?"

"गेटकडे."

"मग फरशी फोडा."

"नवी आहे तात्या."

"फरशी परत बसवता येती."

दोन दिवस लागले. पाइपातून छोट्या मोटरने पाणी उपसलं. गड्ड्याच्या तळापासून गेटबाहेरच्या गटारापर्यंत चर खणला, त्यात खडी आणि पाइप टाकला. तपकिरी फांद्या छाटल्या. काकूंनी नळाची रबरी नळी स्वतःच गुंडाळून माळ्यावर टाकली.

दहा दिवसांनी सकाळी तात्यांचा फोन आला. "म्याडम, या. फोनवर सांगत न्हाय."

स्कूटर कशी लावली मला आठवत नाही. खोडावर, छाटलेल्या फांदीच्या खाली, तांबूस पालवीचे तीन झुबके. पलीकडच्या बाजूला आणखी पाच. मी मोजत राहिले. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

तात्यांनी चेक आधीच लिहून ठेवला होता. त्यात चराचे पैसेही धरलेले.

"हे माझ्या चुकीचे आहेत, तात्या."

"चूक तुजी, मुरूम माजा. घे, पोरी."

दुपारी सर स्वतः येऊन गेले. झाडाला एक फेरी, दोन फेऱ्या. काउंटरचं नाव काढलं नाही. गाडीत बसता बसता म्हणाले, "सांगवीची एक पार्टी आहे. दोन वड हलवायचेत. उद्या जाऊन बघून ये."

यंदाच्या उन्हाळ्यात तात्या-काकू दुपारचा चहा त्या कडुलिंबाखाली घेतात. सावली अजून पातळ आहे, पण दोन खुर्च्यांपुरती आहे.

माझ्या कोटेशनमध्ये तेव्हापासून एक ओळ वाढली आहे: खड्डा पाण्याने भरून, पाणी जिरतं का ते एक दिवस बघणे, रुपये बाराशे. सगळ्यात स्वस्त ओळ तीच. आणि घासाघीस करणारा प्रत्येक जण आधी तीच खोडायला सांगतो.