रॅम माझ्या पर्समध्ये होती

आधीच सांगते, मी ह्यातली नाही. नवस, अंगारे, दृष्ट काही मानत नाही. आई मीठ-मोहरी ओवाळायला लागली की मी म्हणते, मोहरी फोडणीला ठेव. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... हसू नाही खरं तर. दमलेय मी. पण एकदा लिहून टाकते.

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी आणि आई. मी सत्तेचाळीस, लग्न केलं नाही. नोकरी घोडबंदर रोडला, म्हणजे जाऊन-येऊन रोज चार तास गेले. मोठा भाऊ, दादा, सिंगापूरला. दर रविवारी चार वाजता आई त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, आणि माझ्या मोबाइलवर तिला धड दिसत नाही. म्हणून मी एक छोटा डेस्कटॉप घेतलेला, पेढ्यांच्या डब्याएवढा. बटण दाबायचं, थांबायचं, दादाच्या फोटोवर क्लिक करायचं, एवढं आईला पाठ होतं.

तो डबा हल्ली फार अडकायचा. एकदा बोलता बोलता दादाचा चेहरा तोंड उघडं ठेवून तसाच थांबला, आणि आई किंचाळली, "अगं, त्याला काय झालं बघ!" त्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, सोमवारी सकाळी. आदल्या दिवशीचा कॉल तरी न अडकता व्हायला हवा होता. ऑफिसातला आयटीवाला म्हणाला, "रॅम वाढवा मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे." शुक्रवारी ठाण्याच्या वागळे इस्टेटजवळच्या दुकानातून मेमरीची ती पट्टी घेऊन आले.

रविवारी बाराला झाकण उघडलं, जुनी पट्टी काढली, नवी बसवायला गेले तर ती दुप्पट लांब! दुकानदाराला फोन लावला.

"अहो मॅडम, छोट्या डब्याला लॅपटॉपवाली लागते. आधी बोलायचं ना! जुनी घेऊन या, सॅम्पल बघून देतो."

आता मला काय स्वप्न पडणार होतं? जुनी पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि निघाले. तीनपर्यंत परत येऊ असा हिशोब. आधी जुनीच बसवून कॉल होऊ द्यावा, ही अक्कल तेव्हा सुचली नाही.

ठाण्यात रिक्षा अर्धा तास हलेना. पोचले तर दुकान बंद, जेवायची सुट्टी. पायरीवर बसून दादाला मेसेज टाकला, "मशीन उघडलंय, बंद आहे. सातला बोलू." त्याचा फोन आला तो नेमका शटर वर जाताना. मी कापला. म्हटलं, रात्री बोलूच.

साडेसहाला घरी आले. आई निवांत मटार सोलत होती.

"किती गं उशीर! दादा विचारत होता तुला."

"कधी?"

"कधी म्हणजे? चारला लावला की मी कॉल. आज मेला एकदाही अडकला नाही हो! तू झाकण उघडं टाकून गेलीस, धूळ जाईल म्हणून मी वरून फडकं घातलं."

मी फडकं उचललं. आत दोन्ही खाचा रिकाम्या. पट्टी माझ्या पर्समध्ये, रुमालात. बटण दाबून पाहिलं तर नुसतं टूं टूं वाजलं, स्क्रीन काळा.

वहिनीला फोन केला. म्हणाली, "हो, छान चाळीस मिनिटं बोलले. आई किती स्पष्ट दिसत होत्या, मागचं निळं कपाटसुद्धा! नवीन मेमरी टाकलीत ना?" दादाला द्या म्हटलं, तर त्याला औषध देऊन झोपवलेलं.

ऑपरेशननंतर दादा शुद्धीवर आलाच नाही. बुधवारी गेला.

आयटीवाल्याला मी नंतर सगळं सांगितलं. आधी हसला, मग म्हणाला, "मॅडम, रॅमशिवाय मशीन काहीच दाखवत नाही. शक्यच नाही." आई शेजारी गेली असेल म्हणावं, तर ते निळं कपाट आमचंच. दादाच्या फोनवर कॉलची नोंद आहे, वहिनीने पाठवलेला फोटो मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्याच खात्यावरून, आपल्या वेळेने चार वाजता. ज्याला काही सुचत असेल त्याने सांगा, मी ऐकेन. मला नाही सुचत, आणि शोधायची ताकदही उरली नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगते, "हिने कॉम्प्युटर वेळेवर नीट केला, म्हणून माझं लेकराशी बोलणं झालं." मी चहा टाकायला आत जाते. मी तर त्याचा फोन कापला होता.

परवा धीर करून विचारलं, चाळीस मिनिटं काय बोलत होतात?

आई म्हणाली, "अर्धा वेळ तुझंच. म्हणत होता, छोटी एकटी किती करते गं, तिला ओरडू नकोस, फार दमते ती."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. इतक्या वर्षांत दादा हे मला कधी म्हणाला नव्हता. म्हणाला ते त्या कॉलवर, जो लागणं शक्यच नव्हतं.